मसुदा, पाने अकरा

ता. १ नोव्हेंबर १९४४, बुधवार. सकाळी ७ वाजून १० मिनिटे. सातारा.

पडवीत बसून शाई फडक्यातून गाळत होतो, तेव्हा भाऊसाहेब बाहेर आले आणि म्हणाले की दुसऱ्याचे लिहिणाऱ्याने थोडे स्वतःचेही लिहावे, नाहीतर हात परका होतो. ही वही त्यांनीच दिली. पुढची काही पाने आधीच फाडलेली आहेत. उरलेली मोजली, बाहत्तर.

इथे येऊन आज महिना झाला. पगार पंधरा रुपये आणि एक वेळचे जेवण. भाऊसाहेब म्हणजे रावबहादूर नारायण चिंतामण बोकील, सोनगिरी संस्थानाचे निवृत्त वकील. कोर्टातले वकील नव्हेत. एकतीस वर्षे ते संस्थानाच्या वतीने इंग्रज एजंटसाहेबांच्या दारी बसत, सरकारांचे, म्हणजे संस्थानिकांचे, म्हणणे तिकडे आणि साहेबांचे म्हणणे इकडे नेत. आता वय अडुसष्ट, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि आयुष्यातले पहिले पुस्तक. ते सांगतात, मी लिहितो.

माझे अब्बा, शमशेर मुल्लाणी, त्यांच्याच कचेरीत मोडीनवीस होते. १९३१ साली सरकारांचे एक खासगी पत्र कचेरीतून फुटले आणि एजंटसाहेबांच्या हाती गेले. चौकशी झाली, अब्बांना काढले. मी आठ वर्षांचा होतो. पुढे ते सांगलीच्या हळदपेठेत तोलाईला बसले आणि तीन वर्षांत वारले. नखांचा पिवळा रंग शेवटपर्यंत गेला नाही. घरी त्या पत्राबद्दल कोणी बोलत नाही. मी इंग्रजी तिसरीतून शाळा सोडली.

एवढे असून भाऊसाहेबांनी मला बोलावून घेतले. पुस्तक पुरे झाले की अब्बांच्या चारित्र्याचा दाखला स्वतःच्या सहीने देईन, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, मी न मागता. बहीण शमशाद एकोणीस वर्षांची आहे. दोन स्थळे त्या पत्रापायी परत गेली. तो एक कागद मिळाला तर आमच्या घराला दार लागेल.

एकही डाग न पाडता लिहिले पाहिजे. 

ता. ४ नोव्हेंबर, शनिवार.

आज कचेरीचा नियम लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही. दिवसाचा मसुदा संध्याकाळी स्वच्छ उतरायचा. उतरलेल्या प्रत्येक पानाखाली भाऊसाहेब सही करतात. सही असलेले पान कपाटात जाते. सही नसलेले ते मसुदा, आणि मसुदा दिवेलागणीपूर्वी परसात घमेल्यात जाळायचा. लिहिणाऱ्याच्या हाताने, दुसऱ्या कोणाच्या समक्ष. मग लाल वहीत नोंद: पाने इतकी, जाळली, समक्ष अमुक. एकतीस वर्षे असेच चालले म्हणतात. समक्ष बहुतेक नाथाजी असतो. तो त्यांचा जुना जासूद, कागद पोचवणारा. वाचता येत नाही म्हणूनच ठेवला होता असे तो हसत सांगतो.

आजचा मजकूर तीन पावलांचा. सरकार भेटीला गेले की एजंटसाहेब खुर्चीवरून उठून किती पावले पुढे येतील हे ठरलेले असे. सोनगिरीसाठी चार. शेजारच्या संस्थानासाठी सात. ती तीन पावले मिळवण्यासाठी भाऊसाहेबांनी दोन वर्षे खलिते लिहिले, मेजवान्या दिल्या, साहेबांच्या कुत्र्याच्या दुखण्याची चौकशी केली. मी विचारले की शेवटी मिळाली का. म्हणाले, मिळाली, फेब्रुवारी बत्तीसला. 

ता. १८ नोव्हेंबर, शनिवार. सांगली.

छापखान्यात सहा प्रकरणांची नक्कल दिली. कागदावर नियंत्रण आहे, दीडशे पानांच्या वर परवाना नाही. बिराप्पा म्हणून तिथला मुख्य जुळारी आहे, खिळे जुळवता जुळवता बोलतो. माझी प्रत उलटीसुलटी पाहून म्हणाला, “कारकून, अक्षर लय ब्येस. पर म्हाताऱ्याला म्हनावं घाई कर. म्हातारी मानसं पुस्तक लिवत्यात आनि शेवटचं पान आमच्याकडं यायच्या आधी जात्यात.” बाकीचे हसले. मला हसू आले नाही.

घरी अम्माने सांगितले की तासगावचे दिलावरचाचा येऊन गेले. बांगड्यांचे दुकान आहे, मुलगा एकुलता. शमशाद पसंत आहे. पण म्हणाले की मोहरम आणि सफर हे दोन महिने आपल्यात लग्न नाही, तोवर थांबतो. दाखला दाखवा, मग तारीख धरू. शमशाद चुलीपाशी बसून सगळे ऐकत होती. मी निघताना तिने माझ्या सदऱ्याचे तुटलेले बटण लावून दिले आणि विचारले, “भाईजान, पुस्तक किती राहिलं?”

मी म्हणालो, चार प्रकरणे. तिने बोटांवर मोजले.

ता. ५ डिसेंबर, मंगळवार. सातारा.

सातवे प्रकरण १९३० पर्यंत आले. आज एकतीस सुरू व्हायचे होते. भाऊसाहेबांनी सांगायला सुरुवात केली: “त्या वर्षी सरकारांनी एजंटसाहेबांना न कळवता पुतण्याला दत्तक घ्यायचं मनात आणलं, आणि तसं एक पत्र मला—” इथे थांबले. उठून परसात गेले. परत आले ते १९३३ च्या दुष्काळावर बोलू लागले. मी म्हणालो, भाऊसाहेब, एकतीस राहिले. ते म्हणाले, “राहू दे. कुठे पळत नाही.”

असे आज तिसऱ्यांदा झाले. एकतीसचे नाव निघाले की त्यांना अब्बांचा राग येत असेल आणि माझ्यासमोर बोलवत नसेल, असे वाटते. त्यांचा मोठेपणा.

माझा कप कोनाड्यात वेगळा असतो. आज तो त्यांनी स्वतः धुऊन ठेवलेला होता. त्यांची कन्या अनसूयाबाई पाहत होत्या. त्या विधवा आहेत, घर त्याच चालवतात. 

ता. १२ डिसेंबर, मंगळवार.

सोनगिरीहून मधुकरराव आले. भाऊसाहेबांचे चिरंजीव, दरबारात खासगीकडे आहेत, पुढल्या वर्षी कारभारी होतील असे अनसूयाबाई सांगतात. आल्या आल्या कपाटातली प्रत मागून घेतली आणि उभ्यानेच चाळली. मला विचारले, एकतीस साल झाले का? मी नाही म्हणालो. तेव्हा बसले.

जेवणानंतर आत मोठा आवाज झाला. मला ऐकायचे नव्हते, पण पडवीत दुसरी जागा नाही. मधुकरराव सारखे म्हणत होते की धाकटे सरकार, तेच पुतणे, आता गादीवर आहेत, ते विसरलेले नाहीत, माझ्या पोटावर पाय आणाल. भाऊसाहेबांचे एकच वाक्य ऐकू आले. “पुस्तक माझं आहे मधू, दरबारचं नाही.”

माझ्यासारख्याला कामावर ठेवले म्हणून भांडण झाले असावे. सरकारांच्या दृष्टीने मी शमशेरचा मुलगा. जावे की राहावे, रात्रभर ठरेना.

ता. १४ डिसेंबर, गुरुवार.

राहिलो. मधुकरराव काल गेले.

आज सकाळी भाऊसाहेब स्वतः चौरंग पुढे ओढून बोरूने लिहीत बसले होते. मोडीत. मला मोडी येत नाही, आमच्या शाळेत बालबोध, म्हणजे देवनागरीच शिकवली. मी म्हणालो, आपण सांगा, मी लिहितो, डोळ्यांना त्रास होईल. ते म्हणाले, “काही गोष्टी तोंडानं सांगता येत नाहीत. हातानं येतात. आणि हात माझा मोडीतच चालतो.” मग म्हणाले, “तू मोडी शीक. हे शेवटचं प्रकरण तुला वाचता आलं पाहिजे. तू वाचलंस की मी सही करीन. त्याआधी नाही.”

रोज अर्धा तास ते अक्षरे काढून देतात. आज दहा अक्षरे. मोडीत हात उचलायचा नसतो. एकदा रेघ धरली की शेवटपर्यंत धावायचे. मला प्रत्येक अक्षरापाशी थांबायची सवय आहे.

ता. २८ डिसेंबर, गुरुवार.

मोडीची तीस अक्षरे झाली, पण जोडून आली की ओळखू येत नाहीत. छापखान्याचा तगादा, कागदाच्या परवान्यासाठी कलेक्टर कचेरीत तीन हेलपाटे. अभ्यास मागे पडतो. भाऊसाहेब चिडत नाहीत. आज म्हणाले, “तुझा बाप माझ्यापेक्षा चांगला वकील झाला असता. गप्प बसणं म्हणजे काय ते त्याला कळत होतं.” मी मान खाली घातली.

संध्याकाळी घमेल्यापाशी नाथाजीला विचारले की अब्बा कसे होते. तो राख काठीने हलवत राहिला. म्हणाला, “लय सरळ मानूस. चौकशीत त्येला इचारलं, पत्र कुनाच्या हातनं गेलं? त्यो बोललाच न्हाई. बोलला असता तर दुसऱ्याच कुनाचं घर बसलं असतं.” मी विचारले, कोणाचे? तो म्हणाला, “मी जासूद. मला पाकिटाचं वजन कळतं, आतलं न्हाई.” आणि खोकत आत गेला. धूर फार होता.

भाऊसाहेबांचा श्वास रात्री पडवीपर्यंत ऐकू येतो. पायांना सूज आहे. डॉक्टर मीठ बंद करा म्हणाले.

ता. ३ जानेवारी १९४५, बुधवार.

आज त्यांनी लिहिणे संपवले. पाने अकरा, दोन्ही बाजूंनी, शेवटच्या पानावर ओळी खाली घसरत गेलेल्या. माझ्यासमोर सुतळीने बांधून कपाटात ठेवली. म्हणाले, “यात तुझ्या वडिलांचं आहे.” मी विचारले, दाखला? म्हणाले, “त्याहून मोठं. आता लवकर वाचायला शीक बाबा, मला दम धरवत नाही.”

शमशादला कार्ड टाकले की महिनाभरात होईल.

ता. ९ जानेवारी, मंगळवार.

पहाटे साडेपाचच्या सुमारास भाऊसाहेब गेले. मी शाई गाळत होतो. अनसूयाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “रसूल, शाई राहू दे.”

ता. २३ जानेवारी, मंगळवार.

तेरावा परवा झाला. आज जे झाले ते क्रमाने लिहितो.

सकाळी दहा वाजता अनसूयाबाईंनी कपाट उघडले. सही केलेली पाने एकशे एकेचाळीस, ती मी मोजून दिली. मग सुतळीचे पुडके. त्यांनी विचारले, हे काय? मी म्हणालो, शेवटचे प्रकरण, एकतीस सालचे, मोडीत आहे. भाऊसाहेबांनी लहानपणी त्यांना मोडी शिकवली होती. त्या खाली बसल्या आणि वाचू लागल्या. मी उभा होतो. अकरा पाने वाचायला त्यांना पाऊण तास लागला. चौथे पान त्यांनी दोनदा वाचले. सातव्यावर पदर तोंडाला लावला. मग पुडके परत बांधले, गाठ नीट बसवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बैस.”

असे बसायला त्यांनी मला आजवर सांगितले नव्हते.

म्हणाल्या की बाबांनी तुझ्या वडिलांचा सगळा गुन्हा इथे उघड केला आहे. पत्र कोणी काढले, कोणत्या दिवशी, किती पैसे घेतले, सगळे तारखेनिशी. हे छापले तर तुझ्या बहिणीला कोण करून घेईल? बाबा शेवटी शेवटी कठोर झाले होते. मी त्यांची मुलगी आहे, पण मला हे बघवत नाही.

मी म्हणालो, “ताई, ते म्हणाले होते, दाखल्याहून मोठं.”

“मोठंच आहे,” त्या म्हणाल्या.

मला नवल वाटले नाही. हेच मला सर्वांत वाईट वाटते. तेरा वर्षे मी मनात धरून होतो की अब्बांनी ते केले नसेल, आणि ताईंनी केले म्हटल्याबरोबर मी मान हलवली.

मी पुडके एकदा पाहायला मागितले. त्यांनी दिले, पण हात सोडला नाही. घरी अब्बांच्या जुन्या कागदावर त्यांची मोडी सही आहे, त्यातल्या ‘शमशेर’चे वळण मला पाठ आहे. पाने उलटताना ते वळण सतरा ठिकाणी सापडले. दुसरा एकच शब्द मला लागला, ‘मी’. सतरापैकी नऊ ठिकाणी शमशेरच्या शेजारी ‘मी’ होता. मी ताईंना ते सांगितले. त्या म्हणाल्या, लिहिणारा ‘मी’ लिहिणारच. बरोबर आहे.

मग म्हणाल्या, “यावर सही नाही. मसुदाच तो. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. मी जाळलं तर उद्या तुला शंका येईल. तूच जाळ.”

एक पान काढून ठेवावे असे मनात आले. सांगलीच्या पेठेत जुने मुनीम आहेत, मोडी वाचून देतात. पण वाचणारा गावभर सांगेल. आणि सही नसलेले पान घरात ठेवणे म्हणजे चोरी. अब्बांवर तोच आरोप होता.

नाथाजी सामान घेऊन गावी गेला होता. काडेपेटी घरात नव्हती, मी कोपऱ्यावरून आणली. कागद जाड होता, पहिल्या काडीला पेटला नाही. पाचव्या काडीला धरला. लाल वहीत नोंद केली: मसुदा, पाने अकरा, जाळली, समक्ष अनसूयाबाई. त्यांनी खाली सही केली. सही मोडीत.

संध्याकाळी त्यांनी मला एकावन्न रुपये दिले, शमशादच्या लग्नासाठी. मधुकररावांकडून दाखलाही मागवते म्हणाल्या. मी पाया पडलो. इतके चांगले वागायला त्यांना काही कारण नव्हते.

ता. १६ फेब्रुवारी, शुक्रवार. सांगली.

सफर संपला. काल दिलावरचाचा तासगावहून आले. मी दाखला पुढे ठेवला. सोनगिरी दरबारचा कागद, वर शिक्का, खाली मधुकररावांची सही. मजकूर एक ओळ: शमशेर मुल्लाणी हे अमुक सालापासून १९३१ पर्यंत वकील कचेरीत नोकरीस होते.

चाचांनी दोनदा वाचून घेतला. मग कागद घडी घालून माझ्या गुडघ्यावर ठेवला. “नोकरीत हुते ते आमाला ठावं हाय, पोरा. का सुटले ते कुटं लिवलंय?”

 पाणी पिऊन त्यांनी अम्माला सलाम केला, चपला घातल्या. त्यांनी वाईट काही म्हटले नाही. शमशादने आतून भांडे उचलून नेले आणि घासून ठेवले. नंतर पुन्हा घासले.

ता. २५ फेब्रुवारी, रविवार.

पुस्तक बांधून झाले. १९३० च्या दरबारावर सातवे प्रकरण संपते आणि आठवे १९३३ च्या दुष्काळापासून सुरू होते. बिराप्पा म्हणाला, “मधली दोन वरसं म्हातारा झोपला हुता काय रं?” मी म्हणालो, कागद कमी पडला.

मुखपृष्ठावर नावाआधी रावबहादूर छापले आहे. ती इंग्रजांनी दिलेली पदवी जानेवारी १९३२ ची. मुद्रिते तपासताना तारीख मीच ताडून पाहिली होती. आज पुन्हा वाचली. मग तीन पावलांचे पान काढले. फेब्रुवारी १९३२.

तारखा बरोबर आहेत. छपाईची चूक नाही.

ता. १ मार्च, गुरुवार. दुपारी ३ वाजून २० मिनिटे.

नाथाजी आला होता. आता तो लेकीकडे कडेगावला असतो. पुस्तक हातात घेऊन त्याने वजन केल्यासारखे वरखाली केले. मग विचारले, “म्हाताऱ्यानं तुज्यासाठी लिवलेलं, ते वाचलंस न्हवं? मला म्हनला हुता, नाथा, शमशेरच्या पोराफुडं मला मान खाली घालायची हाय, आनि त्येनंच ते वाचायचं, दुसऱ्या कुनी न्हाई.”

मी सांगितले की ते जाळले. कसे, कोणासमक्ष, तेही सांगितले. नियमाप्रमाणे, म्हणालो.

 अम्माने चहा आणला होता, तो तसाच ठेवून नाथाजीने पटका बांधला. उंबऱ्यात थांबून म्हणाला, “तूबी बापावानीच निघालास.” पुस्तक न घेताच गेला.

चहा गार झाला. मी तो प्यायलो, फेकायला नको म्हणून. मग पेठेत जाऊन आलो, आणि आता हिशेब लिहितो.

खर्च, जानेवारी ते आजपर्यंत:
सातारा ते सांगली प्रवास, दोन खेपा: ५ रु. ४ आणे
छापखान्यात हमाली व चहा: १ रु. २ आणे
तासगावच्या पाहुण्यांचे आदरातिथ्य: ३ रु. ६ आणे
काडेपेटी, ता. २३ जानेवारी: अर्धा आणा
मोडी वाचनाचे पुस्तक, जुने, आजच घेतले: ८ आणे
एकूण: १० रु. साडेचार आणे

देणे:
अनसूयाबाईंचे, परत करावयाचे: ५१ रु.

येणे:
काही नाही. कागद जळाला आहे.